कंदमाशीचा शोध कुणाचा?

रंगनाथ गेल्याची बातमी मला कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही त्यात हात जोडले. मग कुणीतरी लिहिलं, ‘अशोक, तू त्याचा सगळ्यात जवळचा. तूच लिही त्याच्यावर.’ दीड महिना झाला. लिहायला बसतो नि उठतो... कारण त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं.

हिंगोलीत आम्ही एका बाकावर बसून बी.एस्सी. केलं. मी शिकत गेलो, किडींचा अभ्यास करणारा प्राध्यापक झालो. रंगनाथ आपल्या गावी, कुरुंद्याला परतला, शाळेत विज्ञान शिकवू लागला नि घरची हळदही पाहू लागला. हातात फोन आला तरी तो पत्रंच लिहायचा. ही सवय त्याला एका जाडजूड पुस्तकानं लावली होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले शास्त्रज्ञ एकमेकांना काय लिहीत, ते त्यात होतं. त्यातली एक हकिगत तो दर वर्षी वर्गात सांगायचा. दूरच्या बेटांवर किडे-पाखरं गोळा करणाऱ्या एका साध्या माणसानं आपल्याला सुचलेलं काही पत्रातून इंग्लंडातल्या एका नामांकित शास्त्रज्ञाला कळवलं. त्या मोठ्या माणसाच्या मनातही तेच वीस वर्षं घोळत होतं. पत्र दाबता आलं असतं. पण दोघांचं लिखाण एकाच सभेत, दोघांच्या नावानं वाचलं गेलं. ‘टपाल कुणाच्या हातात पडतं, त्यावर सारं हाय पोरांनो,’ असं म्हणून तो गोष्ट संपवायचा.

त्याचं टपाल माझ्या हातात पडलं.

आमच्याकडच्या हळदवाल्यांचा समज असा, की कंदमाशी येते म्हणून कंद सडतो. रंगनाथनं तीन हंगाम आपल्या मळ्यात खुंट्या ठोकून, दर आठवड्याला कंद उकरून पाहिले. मग मला लिहिलं, ‘निदान आमच्या रानात तरी आधी पाणी साचतं, कंद सडतो, आणि माशी नंतर येते. आपण उगीच तिच्यावर आळ घेऊन राहिलो आहोत.’ सोबत आठ पानं नोंदी होत्या.

मी त्या पडताळल्या. बरोबर निघाल्या. मी निबंध लिहिला, तो मोठ्या नियतकालिकात छापून आला. नाव माझं एकट्याचं. त्याच्याविषयी एवढंच, ‘स्थानिक शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून.’ मी विसरलो नव्हतो. त्याचं नाव मी टाइप केलं होतं आणि मग खोडलं होतं. बढतीची मुलाखत तोंडावर होती; खेड्यातल्या मास्तरानं पाहिलेलं मी फक्त तपासलं, असं दिसलं असतं तर माझं काय राहिलं असतं?

त्याचं पत्र आलं. दोन दिवस मी ते उघडलंच नाही. आत राग नव्हता. ‘निबंध वाचला. छान झालाय. फक्त दुसऱ्या तक्त्यात आपली पाचव्या आठवड्याची नोंद सहाव्यात पडली आहे, तेवढी दुरुस्त कर.’ त्यातल्या ‘आपली’ या शब्दापुढे मला वाचवेना. मी उत्तर दिलं नाही.

शेवटची भेट हिंगोलीतल्या हळद उत्पादकांच्या मेळाव्यात झाली. माझा सत्कार होता. प्रश्न विचारायला रंगनाथ मधल्या रांगेतून उठला. तो काय बोलेल या धास्तीनं मीच माईकवर म्हणालो, ‘हे आमचे कुरुंद्याचे एक हौशी शेतकरी.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग निचऱ्याबद्दल एक साधा प्रश्न विचारून खाली बसला. मंडपाबाहेर तोच माझ्याजवळ आला.

‘काहून मान खाली घालून राहिलास? शेतकरीच तर हाय मी.’

‘रंगनाथ, पुढच्या निबंधात तुझं नाव...’

‘पुढचं पुढं. तू पत्र काहून लिहीत न्हाईस, ते सांग.’

मी मागं वळलो. गाडी उभी होती, तिच्यात जाऊन बसलो.

मागच्या आठवड्यात कुरुंद्याला गेलो. त्याच्या पत्नी सुमनवहिनींनी मला त्याच्या खोलीत बसवलं आणि टेबलावरची एक फाईल पुढे ठेवली. माझी सगळी पत्रं त्यात होती, आणि त्यानं मला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी. कंदमाशीच्या पत्राचीही, तारखेसकट. त्यानं तो एक कागद कुणाला दाखवला असता, तरी माझी अब्रू एका दिवसात गेली असती.

‘भाऊजी, हे तुमी घेऊन जावा,’ वहिनी म्हणाल्या. ‘लय अभिमान व्हता त्यांना तुमचा. एवढा शोध लावणारा माणूस माझा दोस्त हाय म्हणायचे.’

तेव्हा मी सांगितलं. सगळं. त्यांच्या हातातला चहा गार होत गेला.

‘त्यांना म्हाईत व्हतं?’

‘होय.’

‘मंग मला काहून न्हाई सांगितलं त्यांनी?’ त्यांनी कप खाली ठेवला. मग त्याच म्हणाल्या, ‘सांगितलं असतं तर तुमाला ह्या घरात पाय ठेवू दिला नसता मी. म्हणून न्हाई सांगितलं.’

नियतकालिकाला मी सगळं लिहून कळवलं आहे, आणि निबंधावर पहिलं नाव रंगनाथचं घाला असं विनवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. फाईल मी आणली नाही. त्याच्या टेबलावर, त्यानं ठेवली होती तिथेच ती आहे. ज्याला पाहायची असेल त्यानं कुरुंद्याला जावं. वहिनी दाखवतील.