सहा नट आणि भिकन उस्ताद

धुळ्यात आमची ड्यूटी दोन महिन्यांची होती. गावोगावी जाऊन म्हाताऱ्या माजी सैनिकांची तपासणी करायची. गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. आत झोपायचे दोन बंक, सिंक, फ्रिज, औषधांचं कपाट. आजकाल लोक हौसेनं मोटरहोम घेतात, साधारण तशी. डॉक्टर होत्या एक कॅप्टन मॅडम. मेकॅनिक हवालदार भिकन पाटील, साक्रीकडचे; त्यांना मी उस्ताद म्हणायचो. मी लान्स नायक, ड्रायव्हर, बोदवडचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मागचं डावं चाक पंक्चर झालं. उस्ताद ऑफिसात होते. स्टेपनी मीच चढवली. टॉर्क रेंच, म्हणजे नट नेमक्या जोरानं आवळायचा पाना, पेटीत होता, पण मला घाई होती. साध्या पान्याला जोर यावा म्हणून पाइप लावला, त्यावर उभा राहिलो आणि सहाही नट आवळले. जितकं घट्ट तितकं चांगलं, असं तेव्हा वाटायचं.

सकाळी ०६०० वाजता उस्तादांनी विचारलं, "नट रेंचनं आवळले?"

"हो, उस्ताद."

"किती?"

"एकशे ऐंशी." नट किती जोरानं आवळायचे, तो गाडीच्या पुस्तकातला आकडा मला पाठ होता.

पारोळ्याजवळच्या एका गावात कॅम्प लागला. ०९४० ला रांगेतले एक रिटायर्ड सुभेदार आबा छाती धरून खाली बसले. मॅडमनी ईसीजी काढला. "जळगाव. लगेच." आबांना बंकवर घेतलं, सलाइन लावलं आणि निघालो.

एरंडोलच्या अलीकडे उस्ताद म्हणाले, "बाजूला घे. चाक बदलून साठ किलोमीटर झाले. नट बघायचे."

मॅडम आतून ओरडल्या, "आत्ता? पेशंट आहे आत!"

"म्हणूनच, मॅडम. चार मिनिटं."

त्यांनी रेंच लावला. एकशे ऐंशीला तो कटकन वाजायला हवा. वाजला नाही, नट नुसताच फिरत राहिला. ताणून ताणून स्टडचा, म्हणजे नट बसतो त्या बोल्टचा, जीव गेला होता. तो तुटून नटासकट त्यांच्या हातात आला. शेजारचा दुसराही तसाच निघाला.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "पाइप लावला होता?"

"हो."

त्यांनी सरळ रेडिओ घेतला. "कंट्रोल, गाडी थांबवली आहे. मागचं चाक अनसेफ. पेशंट दुसऱ्या गाडीत शिफ्ट करतोय. ओव्हर."

"ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागतील. ओव्हर."

"वाट पाहता येणार नाही. आउट."

ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. केळीनं भरलेला एक पिकअप थांबला. त्याच्या ड्रायव्हरनं उतरून आमच्या गाडीत डोकावलं आणि पिकअपच्या हौद्याकडे हात केला. "आबाले आठे झोपाडा. केळी बठ्ठी उतारी टाकस मी."

तो, उस्ताद आणि मी, तिघांनी घड रस्त्याकडेला उतरवले. गादी टाकली. मॅडम आबांजवळ बसल्या, उस्ताद सलाइनची बाटली उंच धरून उभे राहिले. पिकअप गेला. मी गाडीपाशी एकटा, त्या केळ्यांच्या ढिगाजवळ.

१११० ला रेडिओवर कंट्रोलनं उस्तादांचा निरोप सांगितला. "पेशंट आयसीयूत. बोलतोय. ओव्हर."

"रॉजर. आउट," म्हणून मी रेंच पेटीत ठेवला.

संध्याकाळी उस्ताद मला मॅडमसमोर घेऊन गेले. "हा स्वतः सांगेल." मी सांगितलं. सात दिवस जादा परेडची शिक्षा झाली. त्या सातही दिवशी परेडनंतर उस्ताद माझ्याबरोबर थांबले. स्टडला तेल का लावायचं नाही, नट समोरासमोरचे का आवळायचे, चाक चढवल्यावर ऐंशी किलोमीटरच्या आत पुन्हा का तपासायचं, सगळं हातानं करून घेतलं. पुढे सोळा वर्षं मी डोंगरात गाड्या चालवल्या. माझ्या गाडीत बसलेला प्रत्येक माणूस उतरून चालत घरी गेला. हे देणं त्यांचं.

उस्ताद मात्र धुळ्याच्या ड्यूटीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात गेले. डोंगरात बर्फात अडकलेली गाडी काढायला उतरले होते, वरून दरड कोसळली. गाडीतले चौघं वाचले.

त्यांच्या स्मृतिदिनाला मी दरवर्षी साक्रीकडे जातो. यंदा त्यांच्या आईला सगळं सांगितलं. पाइप, खोटं, आबा, सगळं. आईंनी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे पाहिलं. मग विचारलं, "तो तुन्हावर रागे भरना व्हता का?"

"नाही, आई. एकदाही नाही."

त्यांनी पदरानं फोटोची काच पुसली आणि मला जेवायला बसवलं.