कोलंबीवरचा आळ

आई उरणच्या बाजारात मासळी विकायची. मी लग्नाच्या भानगडीत न पडता नोकरी धरली आणि विचुंब्याला सातव्या मजल्यावर एकटी राहू लागले. महिन्यातून एकदा घरी जायचे. शहरात राहणाऱ्या लेकीला तांदळाची भाकरी कशी चालेल, म्हणून आई मुद्दाम गव्हाच्या चपात्या लाटायची. सोबत कोलंबीचं कालवण. जेवले की मी बस गाठायला झपझप चालत सुटायचे.

दोनदा स्टँडवर पोचेपर्यंत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. दुसऱ्यांदा तर शुद्धच हरपली. सगळ्यांनी कोलंबीकडे बोट दाखवलं. रक्ताच्या तपासणीतही कोलंबीच निघाली. कागदावर छापून आलं, मग काय विचारता! कोळ्याच्या पोरीला कोलंबी बाधते म्हणून नातेवाइकांनी यथेच्छ टिंगल केली.

आई हसली नाही. तिने माझी भांडी वेगळी केली. भावाला सांगून मला गाडीवरून स्टँडला सोडायला लावलं. त्रास थांबला, आणि कोलंबी सुटली म्हणूनच थांबला याची सगळ्यांना खात्री पटली. आई तर मला हातही लावेना.

"जवल नको येव, माजे हाताला कोलंबी हाय."

लिंबाने हात घासूनही तेच. अशी सहा वर्षं गेली. शेवटच्या आजारात मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो चादरीखाली ओढून घेतला. फार लागलं मला ते. अजून लागतं.

ती गेल्यानंतर एका दुपारी मी चपाती-भेंडी खाऊन दूध आणायला खाली उतरले. लिफ्ट बंद पडली, म्हणून सात मजले चढले. दारातच घसा आवळला. घरात मासळीचा काटासुद्धा नव्हता.

शेजारणीने पनवेलला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आजवर कुणीच न विचारलेलं विचारलं, "जेवल्यावर काय केलंत?" गहू खाऊन लगेच दमछाक झाली, तरच माझं अंग बिघडत होतं. कोलंबी नुसती रिपोर्टात होती. घरातल्या धुळीतल्या किड्यांमुळेही रिपोर्टात तसं येतं म्हणे.

खात्री करायला त्यांच्या देखरेखीखाली कोलंबी खायची असं ठरलं. घरून शिजवून आणा, म्हणाले. आईच्याच कढईत, तिच्यासारखीच केली. थोडी थोडी खात वाटी संपवली. नर्स मधूनमधून येऊन घसा बघून जायची.

शेवटी मला हुंदका आवरेना. ती धावत आली.

"मॅडम, काही होतंय का?"

"नाही," मी म्हणाले, "काहीच होत नाहीये."