परत पाठवलेली गाडी

नवऱ्याने टाकलेली माझी शेजारीण दुपारी आम्हा बायकांना कादंबरी वाचून दाखवायची. बोट ओळीवर ठेवायची आणि रडू येईलसं वाटलं की खोकायची. कादंबरीतली बाईही टाकलेलीच. शेवटी नवरा तिला न्यायला गाडी पाठवतो, ती दारातूनच परतवून लावते. तिथे आम्ही सगळ्या खूश व्हायचो.

पुढे दारव्ह्याला तंबूत त्याच कादंबरीचा सिनेमा आला. त्यात ती मुकाट्याने गाडीत बसते आणि सासरी झुरून मरते.

"पुस्तकाचा नास केला वो माय!" बायका चिडल्या.

"सिनेमावाल्याईले बाई मेलेलीच पाह्यजे," शेजारीण म्हणाली.

मी चौथी शिकलेली. तिच्याकडून पुस्तक मागून नेलं आणि घरी वाचलं. शेवट सिनेमातलाच होता.

पुस्तक परत देताना माझी मान वर होईना.

"वाचलं?"

"तुमचाच शेवट बरा हाय," एवढंच म्हणाले. ती खोकली.

कापूस वेचून झाल्यावर तिच्या सासरची गाडी खरोखरच आली. आम्ही बायका आपापल्या दारात उभ्या राहिलो. आता ती गाडी परतवून लावेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. घरातून खोकल्याचा आवाज आला. मग ती गाठोडं घेऊन बाहेर आली आणि कोणाकडे न बघता गाडीत बसली.