पिठाच्या डब्यामागचा ब्रेड

घाटनांदूरच्या छबुबाईला साप दाखवा, ती काठी घेऊन उभी राहील. फौजदार दाखवा, त्याला बसायला पोतं टाकील. ब्रेडचा पुडा दिसला की मात्र तिची पाचावर धारण बसायची.

तिच्या घरात भाकरी नांदायची. रोजची जोंधळ्याची, भोगीला तीळ लावलेली बाजरीची. पाव्हण्याला चपाती, गावाला निघालेल्यासोबत धपाटे नाहीतर दुधातली दशमी. रात्री टोपल्यात चतकोर तरी राखायचीच. टोपलं रिकामं निजवू नये म्हणायची. ब्रेड हे आजाऱ्याचं खाणं. कुणाच्या हातात पुडा दिसला की लोक आधी विचारायचे, "कोण पडलंय?" तिचा नवरा आश्रुबा काविळीनं पडला, तेव्हा डॉक्टरनं दूध-ब्रेड सांगितलं होतं. पुडा संपायच्या आत आश्रुबा गेला. उरलेला ब्रेड तिनं गाईलासुद्धा घातला नाही.

पुढं दिवस पालटले. घरोघर रंगीत टीव्ही आले, स्टँडवर बेकरी निघाली, आणि बेकरीला लागूनच तिच्या लेकानं, उत्तरेश्वरनं, एसटीडीचं पिवळं खोकं टाकलं. शेजारची पोरं चहात ब्रेड बुडवून खुशाल खाऊ लागली. खाईनात का! छबुबाईचा कायदा बदलला नाही. ब्रेड उंबऱ्याच्या आत यायचा नाही म्हणजे नाही.

आणि एका सकाळी ती पीठ काढायला गेली, तर डब्यामागं फडक्यात गुंडाळलेला पुडा! तिच्या हातातली परात खाली पडली.

"दिपाले, हे कुणासाठी गं?"

सून चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. "ह्यांनी आणलंय," एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. धूर लागला असेल, असं समजायला छबुबाई काही काल जन्मली नव्हती.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिला एकेक आठवायला लागलं. पोरगं वाळलंय. परवा न्हाणीत तोंड धुता धुता कितीतरी वेळ तसंच बसलं होतं. आणि अंबाजोगाईचा तो दवाखाना! महिनाभर तिचा घास घशात अडकत होता. दात पडले की व्हायचंच, असं ती म्हणत होती, तरी लेकानं तिला ओढून नेलं. डॉक्टरनं घशात बॅटरी मारली, तपासणीला काहीबाही काढून घेतलं. गेल्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हा तिला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि पोरगं आत किती वेळ होतं! बाहेर आल्यावर म्हणालं, "नुसती सूज हाय." आता तिला उमगलं. माझ्या निमित्तानं लबाड स्वतःलाच दाखवून आला!

तिच्या काळजाचं पाणी झालं. उत्तरेश्वर जेवायला बसला तशी तिनं टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात टाकली आणि समोर बसून बघत राहिली. ज्याची भूक शाबूत, त्याला काही होत नसतं, ही तिची डॉक्टरकी. त्यानं अर्धी खाल्ली आणि तो उठला.

"कावून रे? गोड लागंना का?"

"भूक न्हाई, आई."

तो कामाला गेला. छबुबाई देवळीतल्या योगेश्वरी देवीच्या तसबिरीपुढं जाऊन बसली. "आई, एकदा नेलंस, मी बोलले न्हाई. आता लेकराकडं बघू नको. न्यायचंच आसंल तर मला ने. मी लई जगले." दिवसभर ती उठली नाही, पाणी प्यायली नाही.

दिवे लागायला उत्तरेश्वर आला. त्यानं दिपालीकडं पाहिलं, तिनं डब्याकडं. मग त्यानं पुडा काढला, वाटीत दूध घेतलं, ब्रेड कुस्करला. छबुबाई भिंतीला टेकून बघत होती. आता हा खाणार, आणि आपल्याला ते बघावं लागणार. तिनं डोळे मिटून घेतले.

वाटी तिच्याच मांडीपुढं टेकली.

"आई, घे. आता तुला भाकरी उतरायची न्हाई. डॉक्टर म्हनले, मऊच द्या." त्यानं वाटी आणखी पुढं सरकवली. "तुला ब्रेडचं भ्या, म्हनून लपवलं गं."

ती वाटीकडं बघत राहिली.

"म्हंजी हे माझ्यासाठी हाय?"

त्यानं मान हलवली.

"आन् तुला?"

"मला काय झालंय?"

छबुबाईनं तसबिरीकडं पाहून हात जोडले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. खरंच, इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिनं टोपलं पुढं ओढलं, सकाळची अर्धी भाकरी काढून लेकाच्या हातात दिली आणि आपली वाटी उचलली.

"खा मग," ती म्हणाली. "सकाळी टाकून उठला व्हतास."