आतल्या शिवणीवर एक थेंब

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात अर्धा वाटा आत्याचा, अर्धा काकाचा. डाग, काउंटर आणि गिऱ्हाइकांची कटकट आत्याकडे. पंख्याखालची खुर्ची काकाकडे.

एक दिवस काका म्हणाला, "ताई, आता घरी आराम कर. तुझा वाटा मी विकत घेतो. तशी तू नुसती काउंटरवर तर उभी असतेस."

आत्या चिडली नाही, म्हणून मी चिडले. "दुकानाची किंमत आधी जाणकाराकडून काढून घे!" मी म्हटलं.

"माझा साडू आहे ना," काका म्हणाला. "त्याला सगळं कळतं."

साडूला सगळं कळतं हे खरंच आहे. फक्त येत काही नाही. आत्याला किंमत काढणारा, परवाना असलेला व्हॅल्युअर हवा होता. डागाचं नवं औषध ती आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर थेंबभर टाकून बघते. रंग उडाला तर ते औषध बाद. माणसंही तिनं तशीच पारखायला घेतली.

पहिल्याला विचारलं, "मी वाटा विकणार असेन तर किंमत किती निघेल?"

"भरपूर काढू."

"आणि मीच भावाचा वाटा घेणार असेन तर?"

"मग कमी काढू की!"

"रंग उडाला," आत्या म्हणाली. तो बिचारा स्वतःचा शर्ट बघायला लागला.

दुसऱ्यानं उभ्याउभ्या आकडा सांगितला, तेही दुसरंच दुकान समजून. तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी परवाना आपणहून पुढे केला. "तुमच्या भावाच्या साडूंचं काम मी पूर्वी केलंय. चालत नसेल तर आत्ताच निघते. आणि विका नाहीतर घ्या, माझा आकडा एकच."

आत्यानं त्यांनाच ठेवलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

बाईंनी यंत्रं तपासली, हिशेब तपासले, मग बरेच दिवस नुसत्या दाराशी बसून राहिल्या. अहवाल काकानं मोठ्यानं वाचला. आकडा बेताचाच निघाला, काकाची कळी खुलली. पुढची ओळही त्यानं त्याच आवाजात वाचायला घेतली. बहीण दुकानात राहील असं धरून हा आकडा काढला आहे. ती गेल्यास निम्माही उरणार नाही.

आत्या रडली. चारचौघांत, हुंदके देऊन. "कुणीतरी लिहून दिलं बाई एकदाचं," म्हणाली.

"ताई, राहशील ना?" काकाचा आवाज बारीक झाला होता.

"बघू," म्हणत आत्या डोळे पुसून पंख्याखालच्या खुर्चीत जाऊन बसली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. काका लगबगीनं काउंटरवर गेला आणि हात पुढे केला. गिऱ्हाइकानं हातातला कोट छातीशी धरला आणि विचारलं, "ताई नाहीत का?"