वहिनींची टीम

वहिनींना माणसाचा चेहरा आधी दिसायचाच नाही, उंची दिसायची. पनवेलच्या भाजी मार्केटात मी मेथीची जुडी निवडत होते, तर मागून आवाज आला, "मेथी ऱ्हाव दे गो. हात वर कर जरा." मी इतकी गोंधळले की खरंच हात वर केला. एक अनोळखी बाई माझ्या बोटांच्या टोकाकडे डोळे भरून बघत होती.

"बास्केटबॉल खेलशील का?"

"मला त्यातलं काहीच येत नाही."

"तू ये. खेल येतो मंग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर होते.

आमच्या प्रशिक्षक सरांच्या त्या थोरल्या वहिनी, म्हणून सगळ्यांच्याच वहिनी. माहेर उरणचं, कोळ्यांचं. कॉलेजात खेळल्या, लग्नानंतर थांबल्या आणि धाकटी मुलगी शाळेत जायला लागली तशा पुन्हा बूट बांधून हजर झाल्या. हे दोन हजार पाच-सहा सालचं. तेव्हा टीममध्ये त्यांच्यासकट चौघीच उरल्या होत्या. बऱ्या खेळणाऱ्या मुली खारघरच्या एका मोठ्या क्लबात गेल्या होत्या; तिथे नवे बूट मिळायचे, न्यायला-आणायला गाडी यायची. आमच्या क्लबाच्या कमिटीने तर सांगूनच टाकलं होतं की दिवाळीपर्यंत मुलींची पुरती टीम झाली नाही, तर मैदानाची संध्याकाळची वेळ मुलांना देणार.

वहिनी कामाला लागल्या. त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला आम्हालाही आमंत्रण होतं. नवरी नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. वहिनी आहेर घेऊन स्टेजवर चढल्या त्या उतरेचनात. मागे रांग थांबलेली, फोटोवाला खोळंबलेला.

"सासर कुठला गो?"

"पनवेलच."

"मंग झाला! संध्याकालची काय करतंस?"

नवरी लाजून नवऱ्याकडे बघायला लागली. तो काही बोलणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. तुना नंतर इचारते." खाली आमच्या हातातली सरबतं हिंदकळून साड्यांवर सांडली. दोन आठवड्यांनी ती नवरी, दीपाली, हिरवा चुडा कोपरापर्यंत सारून मैदानावर आली. मागोमाग पाण्याची बाटली घेऊन नवरा.

पण नुसतं बोलावून मुली टिकत नाहीत. टिकल्या त्या वहिनींच्या खेळामुळे. त्यांना उडी फारशी जमायची नाही, धावताना गुडघा कुरकुरायचा. पण त्यांच्या हातात चेंडू असला की, आपण मोकळ्या आहोत हे आपल्याला कळायच्या आत तो आपल्या ओंजळीत आलेला असायचा. त्यांच्याबरोबर खेळताना प्रत्येकीला वाटायचं, अरेच्चा, मला किती छान खेळता येतं! आणि नेम चुकला तर एवढंच, "टाक परत. बोर्ड काय चावतो का?"

दसऱ्यानंतर खारघरच्या त्या क्लबाशी आमचा मैत्रीचा सामना झाला. त्यांच्याकडे रुख्सार होती, पनवेलच्याच कापडवाल्यांची मुलगी. तिने लांबून चेंडू असा टाकला की जाळी नुसती सळसळली. आणि टाळ्या वाजवतंय कोण, तर वहिनी!

"काय टाकलास गो पोरी!"

"वहिनी, ती समोरच्यांची आहे!" सर ओरडले.

"असंल. टाकला तर चांगला ना?"

त्याच आठवड्यात रुख्सार आमच्या फाटकाशी उभी. वहिनींकडे बोट करून सरांना म्हणाली, "मला या आपांबरोबर खेळायचंय. तिकडे माझ्या टीमच्या मुलीसुद्धा टाळी वाजवत नाहीत." अडचण होती घरची. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून तिची अम्मी पाठवेना. वहिनी सरळ घरी गेल्या. "रोज दारात आनून सोडीन, मंगच माज्या घरी जाईन."

"रोज म्हणजे रोज?" अम्मींनी विचारलं.

"पाऊस असला तरी."

आणि सोडलं. अम्मी पुढे त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडीनाशा झाल्या. दिवाळीला टीम पुरी होऊन वर दोघी जास्त होत्या. संध्याकाळची वेळ आमचीच राहिली.

मात्र रुख्सार खेळायची वहिनींच्याच जागी. जिल्ह्याच्या सामन्यांआधी सरांना सुचेना, बसवायचं कुणाला. वहिनीच म्हणाल्या, "भावोजी, तोंड कशाला पाडलाव? तिला खेलवा. मी बसते." आणि बसल्या कसल्या! बाकापुढे उभ्या राहून इतकं ओरडल्या की पंचांनी ताकीद दिली. आम्ही कप जिंकला तेव्हा दीपालीच्या नवऱ्याच्या हातातली बाटली हिसकावून त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर रिकामी केली; सरांच्याही.

पुढे त्यांच्या यजमानांना न्हावा शेव्याला नोकरी लागली आणि घर उरणला गेलं. निरोप देताना आम्ही इतक्या रडलो की त्या वैतागल्या. "उरनला चालले गो, दुबईला नाय!"

पुढच्याच मोसमात आमच्यासमोर उरणची टीम उभी राहिली. नवी कोरी, एकेक मुलगी वीज. आणि बाकापुढे वहिनी! "रुख्सार डावीकडंच वलते, तिला उजवीकडं ढकला!" आमची सगळी गुपितं त्या मैदानभर ओरडून सांगत होत्या. आम्ही थोडक्यात हरलो, आणि हरल्यावर आम्हाला हसू आवरेना.

मग दोन्ही टीमा त्यांच्याच घरी जेवायला. तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण. उरणची एक मुलगी हळूच म्हणाली, "वहिनी कशा खेलायच्या गो? आमी त्यांना खेलताना बघलाच नाय."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि सगळ्या एकदम बोलायला लागलो. रुख्सार तर उठून उभीच राहिली, पास कसा यायचा ते दाखवायला.

"गप बसा गो!" तव्याजवळून, आमच्याकडे पाठ करून वहिनी ओरडल्या. "कालवन थंड व्हतंय."

कुणीही गप बसलं नाही.