ठकूबाईची कोरी परात

ठकूबाई माझी शेजारीण. दोघींच्या अंगणांच्या मध्ये एक शेवगा. त्याच्या शेंगा कुणाच्या यावरून आम्ही चाळीस वर्षं भांडलो आणि शेंगा मात्र एकाच चुलीवर शिजल्या. पोलादपूरच्या वर आमची अठरा घरांची वाडी. त्यातली अकरा घरं गणपतीला आणि मे महिन्यातच उघडतात, एरवी माणसं मुंबईला. म्हणून ठकूबाईवर लिहायला उरले ती मीच. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेवढ्यात बसेल तेवढं लिहिते.

तिचा नवरा सहदेव बारा पावसाळ्यांपूर्वी भरल्या वहाळावर म्हैस सोडवायला गेला. म्हैस परत आली.

माणसं सावित्री नदीच्या काठाने खाली महाडपर्यंत शोधून आली. काही मिळालं नाही. शेवटी भावकीने त्याचे दिवस घालायचे ठरवले. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला संध्याकाळी परातीत तांदळाचं पीठ चाळतात, त्यावर टोपली उपडी घालतात, शेजारी पणती लावतात. गेलेला येऊन पिठात पाऊल उमटवून जातो. सकाळी टोपली उचलून बघायचं, तो आता कुठल्या जन्मात आहे. माझ्या सासूच्या वेळी मांजराचं पाऊल होतं, आणि सासूला ओळखणाऱ्या कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही.

सहदेवची टोपली उचलली तर पीठ कोरं.

"आला नाय म्हंजे गेला नाय," ठकूबाई म्हणाली. कुंकू पुसलं नाही. तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीला ती पीठ चाळायची आणि दरवर्षी ते कोरंच निघायचं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे बायकांना कळेना. मग बोलवायच्या आणि कुंकू लावताना दुसरीकडे बघायच्या. रात्री ती दार नुसतं लोटायची, कडी कधी घातली नाही.

तिच्या दिराची नात समीक्षा मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. गेल्या वर्षी त्या तिथीला ती घरी होती. कोरी परात तिने पाहिली आणि तिथेच बसून राहिली. फोटो काढला नाही, म्हणून मला पोरगी आवडली. यंदा तिच्या कॉलेजच्या मुलांनी महाडला, चवदार तळ्यापासून जरा पुढे एका हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. "आजी, तुझी परात मांडू?" तिने विचारलं.

"मांड. पीठ मी चाळनार."

म्हणून ठकूबाई आणि मी तीन दिवस महाडला, समीक्षाच्या मावशीकडे राहिलो. हॉलच्या मधोमध पांढऱ्या चौथऱ्यावर परात. खाली चिठ्ठी, 'आला नाही.' रोज सकाळी टोपली उचलायची, दिवसभर लोकांनी पीठ बघायचं, संध्याकाळी पुन्हा चाळून झाकायचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीचा किशोर, जो वीर स्टेशनवर रिक्षा लावतो, एका पाहुण्याला घेऊन आला. विनीत त्याचं नाव, असल्या वस्तू विकत घेणारा. तो परातीपुढे खूप वेळ उभा राहिला आणि दोन लाख म्हणाला.

किशोर म्हणाला, "आमच्याकडं रोज पीठ सांडतं. बायको शिव्या घालते, दोन लाख कोन देत नाय."

"पीठ नकोच मला," विनीत म्हणाला. "परातही नको. समीक्षाच्या सहीचा एक कागद हवा. कसं चाळायचं, कसं झाकायचं, हे त्यात लिहिलेलं. पीठ मी माझं दळून आणीन."

"म्हंजे कागद तिचा नि पीठ तुमचं," ठकूबाई म्हणाली. "नि मानूस कुनाचा?"

श्रीपत गुरुजी तिथेच होते. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, भुताखेताला न मानणारा. सकाळी त्यांनीच समीक्षाला सुनावलं होतं, की या तळ्याच्या गावात असल्या समजुती चौथऱ्यावर कशाला मांडतेस. आता ते हळू आवाजात म्हणाले, "मी हे मानत नाही. पण इथे उभा राहिलो तर लहानपणी गेलेली बहीण आठवली. साठ वर्षांत आठवली नव्हती. किंमत असली तर त्याची असेल. पिठाची नव्हे."

"मग तुमीच द्या ना दोन लाख," किशोर म्हणाला. गुरुजी हसले.

समीक्षाची ही पहिलीच विक्री. पण ती म्हणाली, आजी हो म्हणाली तरच. ठकूबाईने उद्यापर्यंत वेळ मागितला. जेवली नाही. मला म्हणाली, "दरसाल तिकडं पीठ चाळनार गो. नि तो तिकडं गेला तर? बारा वर्सं मी दार लोटून बसलेय, नि त्याचं पाऊल उमटायचं परक्याच्या घरात."

मग मी जे केलं ते आता लिहिते. त्या संध्याकाळी तिने पीठ चाळलं आणि हात धुवायला गेली. समीक्षा दिवे बंद करत होती. मी तीन बोटं पसरून पिठात दाबली, कावळ्याच्या पायासारखी. वाटलं, सुटेल बिचारी. टोपली मीच झाकली. हॉलला कुलूप लागलं, किल्ली समीक्षाच्या पर्समध्ये. ठकूबाई रात्रभर माझ्या शेजारी होती, आणि मी जागी होते, कारण अंथरुणावर पडल्यावर मला आठवलं की कावळ्याला मागे चौथं बोट असतं. घाईत ते राहिलं होतं. जन्मभर भातावरचे कावळे हाकलणाऱ्या बाईला मी तीन बोटांचा कावळा दाखवणार होते.

सकाळी तिने टोपली उचलली. मी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती शांत होती.

"कावळा," ती म्हणाली.

मग मी परातीत बघितलं. तीन पुढे. एक मागे.

"हे कुणी केलं?" विनीत म्हणाला. "मला कोरं हवं होतं." समीक्षा माझ्याकडे बघत होती. मी माझ्या हाताकडे.

"समे, दे त्याला कागद," ठकूबाई म्हणाली. "येनारा येऊन गेला. आता हवं तेवढं चाळा. कोरंच राहील."

परातीतलं पीठ तिने पदरात बांधलं आणि परतताना सावित्रीत सोडलं. कुंकू काठावर बसून पुसलं, रडली नाही. त्या रात्री मला तिच्या दाराची कडी ऐकू आली.

त्यानंतर मी घरी ताटात पीठ पसरून बोटं दाबून बघितली. मनगट टेकवून बघितलं, अंगठा आत दुमडून बघितला. दरवेळी तीनच उमटतात.